प्रेमकथा, खणखणीत आवाजात

अण्णांच्या डोळ्याचं ऑपरेशन अगदी व्यवस्थित पार पडलं आणि तिथूनच घराची घडी बिघडली.

यात डॉक्टरांची काही चूक नव्हती. त्यांनी मोतीबिंदू काढला, दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधली आणि ती महिनाभर ठेवायची, वाचन बंद म्हणून सांगितलं. चूक होती शेजारच्या खाटेची. त्या खाटेवरच्या गृहस्थांना त्यांची मुलगी रोज कादंबरी वाचून दाखवायची. गृहस्थ कानाने अधू, त्यामुळे मुलगी खणखणीत वाचायची. अण्णा जन्मभर वजनमापं खात्यात निरीक्षक होते आणि कादंबरी वाचणाऱ्या माणसाकडे ते खोट्या वजनाकडे बघावं तसं बघत. पण डोळ्यांवर पट्टी असलेला माणूस बघणार कसा? तो पडल्या पडल्या ऐकतो. अण्णांनी ऐकलं. आणि नेमकी गोष्टीतली मुलगी जिन्यावर उभी आहे, खाली दारावर थाप पडली आहे, अशा वेळी वॉर्डबॉय येऊन म्हणाला, चला आजोबा, घरी सोडलंय तुम्हाला.

घरी आल्यावर अण्णांनी मुलाला हाक मारली. हा मुलगा आता पन्नाशी ओलांडलेला, पाणीपुरवठा कचेरीत तक्रारींच्या खिडकीवर बसणारा. बिल्डिंगमध्ये त्याला सगळे तक्रारसाहेब म्हणत. दिवसभर लोकांच्या तक्रारी शांतपणे ऐकून घेणं हा त्यांचा धंदा होता. आपली स्वतःची अशी एकही तक्रार त्यांनी आजवर कुणाकडे नोंदवली नव्हती. त्या सगळ्या त्यांच्या चेहऱ्यावर साठून राहिल्या होत्या.

"ते पुस्तक आण," अण्णा म्हणाले.

"कुठलं?"

"त्यात एक मुलगी जिन्यावर उभी असते."

"नाव काय पुस्तकाचं?"

"नाव माहीत असतं तर तुला कशाला सांगितलं असतं, मीच नसतं का आणलं," अण्णा म्हणाले. पट्टी बांधलेला माणूस पुस्तक कसं आणणार होता, हा प्रश्न तक्रारसाहेबांनी गिळला. अण्णांच्या समोर प्रश्न गिळायची त्यांना लहानपणापासून सवय होती.

कचेरी सुटल्यावर ते वाचनालयात गेले. काउंटरवर ग्रंथपालबाई होत्या. तक्रारसाहेबांनी इकडेतिकडे बघितलं, आवाज खाली आणला आणि म्हणाले, "प्रेमकथा हवी होती. वडिलांसाठी."

"सगळे कुणा ना कुणासाठीच नेतात," बाई म्हणाल्या. "एक गृहस्थ तर आठ वर्षं आजारी बहिणीसाठी नेत होते. त्यांना बहीणच नव्हती."

"नाही, खरंच वडिलांसाठी. त्यात एक मुलगी जिन्यावर उभी असते."

बाईंनी मागच्या कपाटाकडे हात केला. कपाट जमिनीपासून छतापर्यंत होतं. "यातल्या निम्म्या जिन्यावर आहेत," त्या म्हणाल्या. "उरलेल्या खिडकीत."

मग नियम निघाला. सभासदांची अभिरुची घसरू नये म्हणून वाचनालयाच्या समितीने ठराव केला होता, की एका प्रेमकथेमागे एक वैचारिक पुस्तक नेलंच पाहिजे. वाचलं पाहिजे असं नाही, पण नेलं पाहिजे. त्यामुळे पहिल्याच दिवशी तक्रारसाहेब एका काखेत हाताच्या तळव्याएवढी प्रेमकथा आणि दुसऱ्या काखेत धरणांच्या भिंतींवरचा विटेएवढा ग्रंथ घेऊन तीन जिने चढले. प्रेमकथेच्या मुखपृष्ठावर एक बाई एका पुरुषाच्या मिठीत अशी वाकली होती, की तिच्या कमरेची काळजी वाटावी. तक्रारसाहेबांनी त्यावर कचेरीतला जाड पिवळा कागद चढवला. दुसऱ्या दिवशी वरिष्ठांनी ते टेबलावर बघितलं आणि कव्हर घातलेलं काहीतरी वाचतोय म्हणजे नक्कीच भयंकर असणार, असा समज करून घेतला. उघडं ठेवलं असतं तर निदान प्रेमकथा एवढ्यावर भागलं असतं.

आता वाचनाचं. अण्णांना ऐकू कमी येत असे. त्यांच्या मते त्यांना नीट ऐकू येत होतं, लोकच तोंडातल्या तोंडात बोलत. त्यामुळे तक्रारसाहेबांना जे काही वाचायचं ते छातीच्या भात्यातून वाचावं लागे. खोलीची खिडकी आतल्या चौकाकडे उघडत होती आणि चौकाच्या चारी बाजूंना चार मजले घरं होती.

पहिल्या कादंबरीचा नायक जहाजांचा मालक होता. पन्नास पानं झाली तरी तो एकदाही जहाजाकडे फिरकला नाही. सकाळी उठून तो समुद्राकडे बघे, दुपारी नायिकेकडे बघे, संध्याकाळी पुन्हा समुद्राकडे. तक्रारसाहेबांचा पारा हळूहळू चढत गेला. शेवटी पुस्तक मांडीवर आपटून ते म्हणाले, "हा कामाला कधी जातो?"

"तुला काय करायचंय? जिना आला का?" अण्णा म्हणाले.

जिना आला नाही. दुसऱ्या कादंबरीत नायिकेला ताप आला. कसला ताप ते लेखिकेने कुठेच सांगितलं नव्हतं, पण त्या तापाने ती दिवसेंदिवस सुंदर होत चालली होती. तक्रारसाहेबांची बायको औषधांच्या दुकानात काउंटरवर काम करत असे. ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "या तापाचं औषध नकोच द्यायला कुणी." तिसऱ्या कादंबरीत नायकाने नायिकेला एका पुरुषाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडताना बघितलं आणि तो सात वर्षं परदेशी निघून गेला. तो पुरुष तिचा भाऊ होता.

इथे मात्र तक्रारसाहेबांचा तोल सुटला. "अरे, एक प्रश्न विचारायचा. एक," ते खिडकीकडे तोंड करून ओरडले. "माझ्या खिडकीवर माणसं एकच प्रश्न नऊ वेळा विचारतात. नळाला पाणी का नाही, का नाही, का नाही. आणि या मूर्खाला, हा कोण, एवढं विचारता येत नाही? चाळिसाव्या पानावर संपलं असतं पुस्तक. माझे तीन दिवस वाचले असते."

चौकातून कोणीतरी टाळी वाजवली.

तेव्हा तक्रारसाहेबांच्या लक्षात आलं, की समोरच्या घरांच्या खिडक्या उघड्या आहेत. नुसत्या उघड्या नाहीत, त्यात माणसं आहेत. खालच्या शिंप्याने शिलाई मशीन बंद ठेवलं होतं. आणि डोक्यावरच्या गॅलरीत निवृत्त मुख्याध्यापिकाबाई खुर्ची टाकून, काठी गुडघ्यांवर आडवी ठेवून बसल्या होत्या.

"चालू द्या," मुख्याध्यापिकाबाई वरून म्हणाल्या. "फक्त उच्चार जरा स्पष्ट. आणि मघाशी तुम्ही अर्धं पान गाळलंत."

ते खरं होतं. मिठी, ओठ, श्वास असं काही आलं की तक्रारसाहेब "वगैरे वगैरे" म्हणून पुढच्या परिच्छेदावर उडी मारत. वडिलांच्या देखत, तेही मोठ्या आवाजात, हे वाचणार कसं? अण्णांनी हे दोन कादंबऱ्या सहन केलं होतं. आता त्यांनाही धीर आला.

"वगैरे म्हणजे काय रे?" अण्णांनी विचारलं.

"म्हणजे... जवळ आले."

"किती जवळ?"

"अण्णा, वगैरे म्हणजे वगैरे."

"पुस्तक वाचा, सारांश नको," वरून आवाज आला. "सारांश लिहिणाऱ्यांना मी निम्मे मार्क द्यायची."

त्या संध्याकाळी, आयुष्यात पहिल्यांदा, तक्रारसाहेबांनी आपल्या जन्मदात्याला एक संपूर्ण चुंबन वाचून दाखवलं. त्यांचे कान लाल झाले होते. चार मजले शांत होते. चुंबन सव्वा पानाचं होतं आणि त्यात दोनदा चंद्र आला.

आठवड्याभराने बिल्डिंगचे सेक्रेटरी दारात उभे राहिले. आवाजाबद्दल तक्रार आली असणार, आता हे संकट टळणार, म्हणून तक्रारसाहेबांना बरं वाटलं. त्यांनी सेक्रेटरींना मोठ्या आदराने खुर्ची दिली.

"तक्रार आलीय," सेक्रेटरी म्हणाले. "तीन आल्यात. मागच्या बाजूच्या लोकांना ऐकू येत नाही. त्यांचं म्हणणं, देखभालीचे पैसे तेही देतात. दुसरी, वाचनाची वेळ ठरलेली नाही, तुम्ही कधी सहाला बसता, कधी साडेसहाला, लोकांची कामं खोळंबतात. तिसरी तक्रार तुमच्या स्वराची आहे."

"माझ्या स्वराची?"

"तुम्ही नायकाचे संवाद रागाने वाचता. तो म्हणतो, तुझ्याशिवाय जगू शकत नाही, आणि ऐकणाऱ्याला वाटतं हा हिला मारणार."

जन्मभर दुसऱ्यांच्या तक्रारी नोंदवून घेतलेल्या माणसावर ही वेळ आली. त्यातून सेक्रेटरींचं म्हणणं पडलं, की हा आता सार्वजनिक कार्यक्रम झाला असल्यामुळे त्यासाठी समितीची परवानगी लागेल, आणि परवानगीसाठी अर्ज तक्रारसाहेबांनीच करायचा. "मला कार्यक्रम करायचाच नाहीये," तक्रारसाहेब म्हणाले. "मग तसा अर्ज करा," सेक्रेटरी म्हणाले, "पण तो नामंजूर होईल."

ते गेल्यावर तक्रारसाहेब स्वयंपाकघरात जाऊन बायकोसमोर उभे राहिले. "मी रागाने वाचतो?"

"हो," बायको म्हणाली. "म्हणून तर ऐकावंसं वाटतं. एरवी तुम्ही घरात एवढं बोलता कुठे?"

कादंबऱ्या येत राहिल्या. वैचारिक ग्रंथही येत राहिले, खाटेखाली त्यांचा ढीग झाला. एका कादंबरीचा नायक चक्क पाणीपुरवठ्यातला इंजिनीयर निघाला. आपल्या खात्याला कोणीतरी न्याय दिला म्हणून तक्रारसाहेब खूश झाले. पण या इंजिनीयराने वादळात एकट्याने धावत जाऊन शहराचा मुख्य व्हॉल्व हाताने बंद केला, तोही उलट्या बाजूला फिरवून. तक्रारसाहेबांनी वाचन थांबवलं आणि मुख्य व्हॉल्व बंद करायला किती माणसं लागतात, चावी केवढी असते आणि उलटा फिरवला तर कुठल्या भागात काय होतं, हे सगळ्या चौकाला समजावून सांगितलं. शिंपी म्हणाला, "साहेब, ती मुलगी पाण्यात उभी आहे तिकडे." कोणालाही व्हॉल्वची पर्वा नव्हती.

आणि मग एका शनिवारी, एका अगदी फाटक्या पुस्तकात, जिना आला.

"ती पायरीवर थबकली," तक्रारसाहेबांनी वाचलं. "खाली दारावर थाप पडली होती."

अण्णा उशीवरून उठून बसले. "हेच. हेच ते."

खिडक्यांमध्ये हालचाल झाली. मुख्याध्यापिकाबाईंनी गॅलरीतून कोणाला तरी सांगितलं, सापडलं. तक्रारसाहेबांनी पुढे वाचलं. मुलगी खाली आली, तिने दार उघडलं. दारात तिचा तो उभा होता, अंगावरच्या कपड्यांनिशी. तो घर सोडून आला होता. मग त्याने सांगायला सुरुवात केली, बापाशी काय काय झालं ते. बाप श्रीमंत, हेकेखोर. पोराने सांगितलं माझं हिच्यावर प्रेम आहे, तर बापाने मान वर न करता नाही म्हटलं.

अण्णांनी जिभेने च्यक् केलं. "कसला बाप आहे हा," ते म्हणाले. "पोराचं मन कळू नये माणसाला?"

तक्रारसाहेबांनी पुस्तक खाली केलं. त्यांना राग आला. जहाजवाल्यामुळे, तापामुळे, त्या सात वर्षांच्या मूर्खामुळे जो येत होता तोच, पण आता त्याला पत्ता सापडला होता.

"अण्णा, हे तुम्ही म्हणताय?"

"काय?"

"हे तुम्ही म्हणताय?" आवाज चौकातून फिरून परत आला.

"मीच म्हणतोय. खोलीत दुसरं आहे कोण?"

"टायपिंगच्या क्लासातली ती मुलगी. मी तुम्हाला येऊन सांगितलं होतं."

"काय म्हणतोस?"

"टायपिंगच्या क्लासातली मुलगी. मला तिच्याशी लग्न करायचं होतं."

अण्णांशी बोलताना प्रत्येक वाक्य दोनदा बोलावं लागे आणि दुसऱ्यांदा जास्त मोठ्याने. त्यामुळे ज्यांचं पहिल्या वेळी ऐकायचं राहिलं त्यांनाही ते नीट कळलं. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. पण तक्रारसाहेब आता थांबण्यातले नव्हते. तीस वर्षांचं पाणी तुंबलेलं होतं.

"तुम्ही पेपर वाचत होतात. वर बघितलंसुद्धा नाहीत. नाही म्हणालात. झालं, संपलं. माणसाचं आयुष्य, तुम्ही पान उलटलंत. आणि आज या कागदावरच्या बापाला नावं ठेवताय?"

अण्णांनी आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. पट्टीमुळे त्यांचा चेहरा अर्धाच दिसत होता.

"मी नाही म्हणालो," ते म्हणाले. "खरं आहे. तू काय म्हणालास?"

"मी?"

"तू 'बरं' म्हणालास. आणि आईला विचारलंस, जेवायला वाढतेस का. मी पेपर तोंडासमोर धरून बसलो होतो. म्हटलं, आता हा भांडेल. आदळआपट करेल. मनात उत्तरंसुद्धा तयार ठेवली होती मी. तू जेवायला बसलास. दुसऱ्यांदा वाढून घेतलंस. मला वाटलं, एवढं काही नसणार."

समोरच्या खिडकीतून कोणीतरी आणखी पुढे वाकलं.

बायको दारात येऊन उभी होती. तिचे हात ओले होते आणि ती ते पुसत नव्हती. तिने शांतपणे विचारलं, "नाव काय होतं तिचं?"

तक्रारसाहेबांनी तोंड उघडलं. त्यांना क्लासाची खोली दिसली, भिंतीलगतची रांग दिसली. ती कळांकडे न बघता टाइप करायची, ओळ संपली की मशीनची घंटी वाजायची आणि ती मानेला हलकासा झटका द्यायची, हे सगळं दिसलं. नाव दिसेना. त्यांनी ते जिभेवर शोधलं, मेंदूच्या मागच्या कपाटात शोधलं. नव्हतं.

"आठवत नाही," ते पुटपुटले.

"काय?" अण्णा म्हणाले.

"तिचं नाव आठवत नाही," तक्रारसाहेब ओरडले.

वरच्या गॅलरीत खुर्ची करकरली. मग अण्णांनी नाव सांगितलं. आडनावासकट. बरोबर होतं.

"म्हणजे इतकी वर्षं," बायको म्हणाली, "दर रविवारी तोंड पाडून बसायचात, मी विचारलं तर काही नाही म्हणायचात, ते या मुलीसाठी? नाव विसरलात आणि पाडलेलं तोंड तेवढं जपून ठेवलंत?" ती रागावली होती, पण आवाज चढवत नव्हती, आणि ते जास्त वाईट होतं. "मी दुकानातून येताना रस्त्याने विचार करत यायची, माझंच काहीतरी चुकत असेल."

तक्रारसाहेबांना बापाचा राग आला होता, पण बापाने नाव लक्षात ठेवलं होतं. बायकोचा राग यायला काही कारणच नव्हतं. उरलेला सगळा राग ज्याच्या वाट्याला यायला हवा होता, त्याला ते रोज दाढी करताना बघत होते.

"वाचा," बायको खाटेच्या कडेवर बसत म्हणाली. "त्या पोराने बापाला काय उत्तर दिलं, ते तरी कळू दे मला."

पोराचं उत्तर दीड पान होतं. तक्रारसाहेबांनी ते उभं राहून वाचलं. तुम्ही मला माणूस म्हणून कधी विचारलंत का, असं त्यात होतं. तुमच्या घरात मी पाहुण्यासारखा राहिलो, असं होतं. लेखिकेने ते फार काही चांगलं लिहिलं नव्हतं, एरवी त्यांनी त्यातल्या प्रत्येक ओळीची खिल्ली उडवली असती. आज ते एकेक शब्द अण्णांच्या पट्टीवर फेकत गेले, आणि शेवटच्या चार ओळी तर पुस्तकाकडे न बघताच बोलले. त्या पुस्तकात नव्हत्याच. बायकोने तेवढं पान नंतर तपासलं.

वाचून झाल्यावर त्यांना धाप लागली. घसा बसला होता. खालून शिंप्याने पाणी हवंय का विचारलं.

अण्णांनी खाटेची कड चाचपली आणि सावकाश म्हणाले, "असं बोलला असतास, तरी मी नाहीच म्हणालो असतो."

तक्रारसाहेबांनी मूठ आवळली.

"पण त्या दिवशी मला जेवण गेलं नसतं," अण्णा म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

बायको उठली. तिने चौकाकडची खिडकी ओढून घेतली आणि कडी लावली. वरून मुख्याध्यापिकाबाईंनी काठीने जमीन ठोकली, एकदा, मग दोनदा. समोरून सेक्रेटरी काहीतरी परवानगीबद्दल बोलत होते. ती नवऱ्याला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेली, तेही दार लावलं, आणि एका स्टुलावर स्वतः बसून दुसरं त्यांच्याकडे सरकवलं.

"आता माझ्याशी भांडा," ती म्हणाली. "हळू आवाजात. पण पुरतं भांडा. 'बरं' म्हणून उठायचं नाही."

तक्रारसाहेब बसले. कुठून सुरुवात करावी ते त्यांना कळेना. मग त्यांनी घसा खाकरला आणि सुरुवात केली.